माहेर मिक्स

जवळा बाजारला एस.टी. थांबते त्याच्या समोरच प्रेमानंदचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पानटपरीपेक्षा दोन वीत जास्त आणि किराणा दुकानापेक्षा चार हात कमी. पत्र्यावर 'प्रेम रेकॉर्डिंग सेंटर' असं रंगवलेलं, त्यातला शेवटचा 'र' पेंटरला जागा न पुरल्यामुळे खाली लोंबत होता. चौऱ्याण्णव साली त्यानं दुकान टाकलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून द्यायची, हा धंदा. पण गाणी भरून देणारे औंढ्यातही होते, हिंगोलीत तर गल्लीला एक होता. प्रेमानंदकडे लोक यायचे ते त्याच्या कानासाठी.

ठोक्याचा कान होता त्याला. एकदा कुणा ट्रकवाल्यानं एक परदेशी कॅसेट दुकानात विसरली. तिच्यात गाणारं माणूसच नव्हतं, नुसती मशीन वाजत होती. ऐकून शेजारचा चहावाला म्हणाला, "हे काय रे, गिरणीचा पट्टा तुटल्यावानी?" प्रेमानंद मात्र मांडी घालून दोन्ही बाजू ऐकत बसला. त्या प्रकाराला टेक्नो म्हणतात हे त्याला पुढं कळलं, आवडायला नावाची गरज पडली नाही. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी तो नांदेडला जायचा आणि नवा निघालेला सगळा धडधडाट पिशवीत घालून आणायचा. टेक्नो, ट्रान्स, रिमिक्स, जे असेल ते. आणला की आधी स्वतः ऐकायचा, मग दाराशी टांगलेल्या फळ्यावर खडूनं निकाल लिहायचा.

त्या फळ्याची ख्याती सेनगावपर्यंत गेली होती. 'जीपला बरं, चढाला लावा.' 'हळदीला चालंल.' 'पयले दोन मिनिटं सोडून द्या, मंग मजा.' 'म्हाताऱ्या माणसापुढं लावू नका.' आणि कधीकधी सरळ, 'नुसता कालवा, पैसे वाचवा.' स्वतःच्याच दुकानातल्या मालाला फळ्यावर शिव्या घालणारा दुकानदार लोकांनी पाहिला नव्हता. काळीपिवळी जीपवाले, बँडवाले, पुढं डीजेवाले, सगळे यायचे आणि एकच विचारायचे, "प्रेमानंद, नवीन काय आलंय?" तो सांगेल ते न ऐकता घेऊन जायचे. बाजारात कुणाची एवढी पत असणं म्हणजे सोपं काम नाही. त्याला तिचा अभिमान होता, आणि अभिमान असावाच असा तो प्रामाणिक होता. ज्या दिवशी नव्हता, त्या दिवसाची ही हकीकत.

प्रेमानंदची आई तो सात वर्षांचा असताना वारली. त्याला वाढवलं मावशीनं, जनकाबाईनं. बुद्धविहाराच्या मागं तिचं घर. तिला दोन लेकरं, थोरली करुणा आणि पुष्कळ मागून झालेला प्रमोद. करुणा प्रेमानंदच्या बरोबरीची. एका ताटात जेवली, एका पाटीवर अक्षरं गिरवली. एकीच्या खोडीबद्दल दुसऱ्यानं मार खाल्ला. पंचाण्णव साली करुणाचं लग्न होऊन ती सेनगावकडच्या एका खेड्यात गेली आणि दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेली. निरोप उशिरा आला. जनकाबाई जीप करून पोचली तोवर सगळं उरकलं होतं. तोंड दिसलं नाही. लेकीचं तोंड न बघता परत आलेली आई कशी असते ते प्रेमानंदनं रोज पाहिलं होतं, म्हणून पुढचं त्याला माफ होण्यासारखं नाही.

नव्व्याण्णव साली, हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता तेव्हा, प्रेमानंदनं माईकचा नवा टेप घेतला. जनकाबाईला जात्यावरच्या ओव्या येत. बाबासाहेबांच्या, गौतम बुद्धांच्या, भावाच्या, लेकीच्या. त्या भरून घ्याव्यात आणि पुढच्या जयंतीला कॅसेट काढावी, असं त्याच्या मनात आलं. तो टेप घेऊन मावशीच्या घरी गेला. जनकाबाई म्हणाली, "दळण न्हाई तर ओवी कशी येईल रे? घशातून थोडीच येती, ती जात्याच्या खुट्यातून येती." म्हणून शेराचे जोंधळे आणले, जातं मांडलं आणि ती दळायला बसली. घरघर सुरू झाली. बाबासाहेबांच्या ओव्या झाल्या, भावाच्या झाल्या. मग लेकीची ओवी आली, आणि दुसऱ्या ओळीला ओवी मोडली.

जातं थांबलं. जनकाबाई हेल काढून रडू लागली. आपल्याकडे बायका मेल्या माणसासाठी रडतात ते नुसतं रडणं नसतं, त्याला सूर असतो, त्यात बोल असतात, मेलेल्याशी बोलणं असतं. "येऽ गं बाई माहेराऽ... येऽ गं माझे बाई... वाट किती बघूऽ..." तीन वर्षं आत दाबून ठेवलेलं सगळं तिनं बाहेर काढलं. त्या वेळी प्रेमानंदनं टेप बंद करायला पाहिजे होता. त्यानं केला नाही. बटणावर बोट ठेवून तो टेपवरच्या लाल दिव्यांकडे बघत राहिला. आवाज चढला की दिवे नाचायचे, आणि असा निखळ आवाज त्यानं आजवर भरला नव्हता.

डोळे पुसून झाल्यावर जनकाबाईचं लक्ष फिरत्या चक्रांकडे गेलं. "आरं, हे चालूच व्हतं व्हय? पुसून टाक बाबा तेवढं. ते लोकांनी आयकायचं न्हाई."

"व्हय मावशे. पुसतो."

पुसायचं म्हणजे त्या जागी दुसरं काही भरायचं, दोन मिनिटांचं काम. त्यानं पुसलं नाही. ओव्यांची कॅसेटही निघाली नाही, पुढं कामात राहून गेली. ती टेप पत्र्याच्या डब्यात आठ वर्षं पडून राहिली.

या आठ वर्षांत जग पालटलं. कॅसेट गेली, सीडी आली. सीडीही जाते की काय अशी वेळ आली, कारण समोरच विजयकुमार नावाच्या तरण्या माणसानं मोबाइलचं दुकान टाकलं. त्याच्याकडे कॉम्प्युटर. नखाएवढ्या कार्डात तो दोनशे गाणी टाकून द्यायचा. प्रेमानंदनं नांदेडहून आणलेली 'नवीन' गाणी त्याच्याकडे आठवडाभर आधीच आलेली असायची. एकदा बाजाराच्या दिवशी, चार माणसांत, तो फळ्याकडे बघून हसला.

"प्रेमानंदभाऊ, तुमचं नवीन म्हंजे आमचं शिळं."

माणसं हसली. प्रेमानंदही हसला, दुसरं करणार काय? पण ते वाक्य त्याला कुसळासारखं रुतून बसलं. गिऱ्हाईक गेलं असतं तर त्याला एवढं लागलं नसतं. आधी कोण ऐकतो आणि आधी कोण सांगतो, यावर त्याचं सगळं माणूसपण उभं होतं. ते गेलं तर तो पत्र्याखाली बसणारा आणखी एक दुकानदार, बस्स. त्यानं ठरवलं, विजयकुमारच्या कॉम्प्युटरात कुठूनच येणार नाही असं काहीतरी काढायचं.

हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्याला भावसिंग नावाचा एक बंजारा मिक्सिंग करायचा. तांड्यावरचा माणूस, पण कॉम्प्युटरवर असा ठोका बसवायचा की नांदेडवाल्यांनी तोंडात बोट घालावं. प्रेमानंद त्याच्याकडे गेला. भावसिंग म्हणाला, "ठोका माझ्यापाशी हाय. पण आवाज नवा पायजेल, कोनापाशी नसंल असा." प्रेमानंदला डब्यातली टेप आठवली. खरं सांगायचं तर जाताना त्याच्या मनात बाबासाहेबांच्या ओव्याच होत्या. जयंतीला असं मिक्स निघालं तर मावशीचंही नाव होईल, असे मनातले मांडे खातच तो पुढच्या खेपेला टेप घेऊन गेला.

भावसिंगनं दोन ओव्या ऐकल्या, मान हलवली, टेप पुढं पळवली. पुन्हा लावली, पुन्हा पळवली. मग ती जागा आली. त्याचा हात थांबला. त्यानं पूर्ण ऐकलं, मागं घेऊन पुन्हा ऐकलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"ही नवरी व्हय?"

उत्तराची वाट न बघता भावसिंगच पुढं बोलू लागला.

"आमच्या तांड्यावर नवरी सासरी जाताना अशीच रडती, भाऊ. गळ्यात पडून, सूर लावून. ढावलो म्हंतेत त्याला. तुमच्यात बी हाय म्हना की! माहेर माहेर म्हनून राहिली बघा. लग्नाला याच्यावानी दुसरं न्हाई."

भावसिंगची चूक नव्हती. त्याच्या जातीत जे रडणं लग्नाचं, तेच त्यानं इथं ऐकलं. एका वाक्यात त्याची समजूत दूर झाली असती. 'न्हाई बाबा, मेल्या लेकीसाठी रडतीय ती.' एवढंच म्हणायचं होतं. भावसिंगनं कानाला हात लावून टेप परत दिली असती. पण विजयकुमारचं हसणं प्रेमानंदच्या डोळ्यापुढं होतं, आणि आपल्या कानाला जे आठ वर्षांपूर्वी कळलं होतं ते दुसऱ्या जाणकारालाही कळलं, याचा आनंदही झाला होता. लाज वाटावी असा आनंद.

तो म्हणाला, "व्हय. तसंच कायतरी."

तीन शब्द! पण सारा घात त्या तीन शब्दांनी केला.

भावसिंगनं दहा-बारा सेकंदांचा तुकडा घेतला. नवरीला शोभावा म्हणून आवाज जरा वर चढवून कोवळा केला. खाली ठोका घातला. 'येऽ गं बाई माहेराऽ' आलं की ठोका थांबायचा, श्वासभर शांतता, आणि मग असा कोसळायचा की बसलेला माणूस उठावा. मावशीचा आवाज मावशीचा राहिला नाही, याचं प्रेमानंदला बरंच वाटलं. कोंबडं झाकलं की तांबडं फुटत नाही, असं समजणाऱ्यांतला तो त्या दिवसापासून झाला.

सीडीवर नाव पडलं 'माहेर मिक्स'. आवाज कुणाचा, काही नाही. प्रेमानंदनं फळा स्वच्छ पुसला आणि एकच ओळ लिहिली, 'वरातीला पयलं हेच.'

आणि त्या उन्हाळ्यात दुसरं काही वाजलंच नाही. पोरं कुठून कुठून यायची. विजयकुमारनंसुद्धा रस्ता ओलांडून एक सीडी नेली, "मानलं भाऊ," म्हणाला. प्रेमानंदनं त्याला चहा पाजला. रस्त्यानं जीप गेली की तो ठोका जायचा, आणि रस्त्यावरची माणसं "प्रेमानंदचा माल" म्हणायची. पहिला महिना तो हवेत होता. दुसऱ्या महिन्यात एकदा दुपारी तो मावशीकडे जेवत होता तेव्हा लांबून कुठल्याशा वरातीत ते लागलं. जनकाबाई भाकरी वाढत होती, भांड्यांच्या आवाजात तिला काही कळलं नाही. प्रेमानंदचा घास मात्र तोंडातच फिरला. त्या दिवसापासून त्याला त्या गाण्याची भीती वाटू लागली. पण सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

सांगावं असं त्याला दहादा वाटलं. मावशी अशानं रागावणारी नव्हती, हेही त्याला ठाऊक होतं. पण तिनं तोंडानं 'पुसून टाक' म्हटलेलं, आणि आपण 'व्हय' म्हटलेलं. त्यातून सुटायला वाट नव्हती. आज सांगू, बाजार झाल्यावर सांगू, लगीनसराई उरकल्यावर सांगू. तेवढ्यात घरातलंच लग्न निघालं.

दोन हजार आठचा मे. प्रमोदचं लग्न. डीजे ठरवायचं काम अर्थातच प्रेमानंदकडे, गाण्यांची यादीही त्याचीच. त्यानं औंढ्याचा जळबा ठरवला. जळबा म्हणजे सज्जन माणूस, दारू पिऊन बटणं दाबणारा नव्हे. यादीत 'माहेर मिक्स' नव्हतं. वरून त्यानं जळबाला बाजूला घेऊन बजावलं, "सगळं लाव, तेवढं एक लावू नको."

"काहून?"

"असंच."

"आवो तुमीच फळ्यावर लिवलं, वरातीला पयलं हेच!"

"मी सांगून राहिलो ना? नको लावू."

जळबानं मान डोलावली. पण वरात एकट्या जळबाच्या हातात थोडीच असते? दुपारचे चार, ऊन मी म्हणत होतं, पोरं घामानं निथळत नाचत होती आणि तिसऱ्याच गाण्याला ओरडा सुरू झाला, "माहेर! माहेर!" जळबानं दोन गाणी टाळलं. तिसऱ्यांदा पोरं गाडीवर चढली, नवरदेव स्वतः घोड्यावरून हात करून "लाव की!" म्हणाला. जळबानं प्रेमानंदकडे बघितलं. प्रेमानंद जनरेटरपाशी उभा होता. वायर त्याच्या हाताजवळ होती. ओढली असती तर सगळं गप्प झालं असतं. पण मग दोनशे माणसांनी विचारलं असतं, काहून? त्यानं वायरीला हात लावला नाही. मान खाली घातली. जळबाला तो होकार वाटला.

गाणं लागलं. ठोका, ठोका, ठोका, आणि मग थांबा. 'येऽ गं बाई माहेराऽ...'

बायका जनकाबाईला नाचायला ओढत होत्या. नवं हिरवं लुगडं नेसलेली वरमाय, हसून नाही नाही म्हणत दोन पावलं टाकत होती. तो आवाज आला आणि तिचे पाय जागीच थांबले. ठोका कोसळला, दोनशे माणसं एकदम उडाली. ती उभीच. तुकडा पुन्हा आला, तिनं कान दिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या आवाजात आवाज मिसळून रडायला लागली. एक बाई रडू लागली की दुसरी तिच्या गळ्यात पडून साथ देते, तशी. "नको रडू गंऽ बाई... गेली ती येत न्हाई गंऽ..." सीडीतल्या बाईची ती समजूत घालत होती.

शेजारच्या निर्मलाबाई म्हणाल्या, "आनंदानं रडून राहिली वो. येकुलतं पोरगं." बायकांनी तिला पाणी दिलं, तिच्यावरून बोटं मोडली. वरात पुढं गेली. प्रेमानंद जनरेटरपाशी उभा होता तो तिथंच राहिला. मावशीनं आपली चोरी ओळखली नाही, स्वतःचा आवाजसुद्धा ओळखला नाही, एवढं त्याला समजलं. सुटलो, असं आधी त्याच्या मनात आलं. तसं आलं याची शरम त्याला पुढं कितीतरी वर्षं पुरली.

लग्नानंतर चौथ्या दिवशी जनकाबाई दुकानावर आली. ती कधी दुकानावर येत नसे. काखेत पिशवी होती. स्टुलावर बसली, पदरानं घाम टिपला.

"तुला ठावं असंल म्हनून आले. समदे म्हंतेत नवीन कायबी आलं की प्रेमानंदला इचारा."

"काय पायजे मावशे?"

"वरातीत ती बाई रडून राहिली व्हती बघ. ती कुठल्या गावची रे?"

प्रेमानंद काउंटरवरच्या सीड्या सारख्या करू लागला. "ते... गानं हाय मावशे. नवरी रडती त्याच्यात."

"खुळा का काय तू? नवरी अशी रडत न्हाई. मला इचार. लेक गेलीय तिची. माहेराला ये म्हनती आन् वाट पाहून राहिले म्हनती. ज्याला समजंना त्यानं नाचावं, त्याचं काय? त्या बाईला ठावं तरी हाय का, आपलं रडनं असं मांडवात वाजून राहिलं म्हनून? कोन मेल्यानं वाजवलं असंल?" तिनं पिशवीतून घडी काढली. कोरं लुगडं होतं, पांढरट, बारीक काठाचं. "दुखवट्याचं घेतलं. करुणा गेली तवा मला सात जनींनी नेसवलं व्हतं. हिला कोनी नेसवलं का न्हाई कोन जाने. गाव सांग, प्रमोद जीपनं नेईल. न्हाई तर येस्टीनं जाते."

तिनं लुगडं काउंटरवर ठेवलं. प्रेमानंदला वाटलं, गाव सांगावं. बुलडाण्याकडचं, तेलंगणातलं, कुठलंही लांबचं. बाई वारली म्हणून सांगावं. खोटं बोलण्याची एवढी चांगली सोय त्याला पुन्हा मिळणार नव्हती. एक गाव तर त्याच्या ओठावर आलंही होतं. पण समोर ते लुगडं होतं. जी बाई नाही तिच्यासाठी ही म्हातारी एस.टी.नं फिरणार होती.

"मावशे," तो म्हणाला, "ती बाई तूच हायस."

ती हसली. चेष्टा वाटली तिला. मग त्याचं तोंड बघून हसू गेलं.

"जातं मांडलं व्हतं आपन. तू पुसून टाक म्हनलीस. म्या पुसलं न्हाई. आन् म्याच दिलं." एवढं सांगायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं. "कुना मेल्यानं वाजवलं म्हनून इचारलंस ना? तो मी."

बाहेर एस.टी. येऊन उभी राहिली, माणसं चढली-उतरली, गाडी गेली. पत्रा तापून टकटक वाजत होता. शेवटी जनकाबाईनं विचारलं, "कुठं कुठं वाजलं?"

त्याला सगळं ठाऊक होतं. कुठला माल कुठं जातो ते ठाऊक असणं हीच तर त्याची मिरास होती. "औंढा," तो म्हणाला. "सेनगाव. हिंगोली. वसमत. कळमनुरी बी."

"करुणाच्या सासरच्या गावात?"

"व्हय. दोन लग्नात."

तिनं मान हलवली, जशी एखादी गोष्ट नीट समजली म्हणून हलवतात. मग त्याच्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, लहानपणी खोडी केल्यावर विचारायची तसं विचारलं, "तू बी नाचलास का रे?"

मारलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या, लुगडं तोंडावर फेकलं असतं, तर त्यानं पाय धरले असते आणि दोघं रडून मोकळे झाले असते. या प्रश्नाला मात्र दोनच उत्तरं होती.

"नाचलो, मावशे. सेनगावात. पयल्याच लग्नात."

जनकाबाई उठली. लुगड्याची घडी पुन्हा नीट केली, पिशवीत घातली, पायरी उतरली. उन्हात दोन पावलं गेल्यावर मागं वळून म्हणाली, "दुपारच्याला जेवाय ये. नव्या सुनंनं पुरन घातलंय."

हा तिचा स्वभाव. त्या सुरात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. प्रेमानंदनं त्या दिवशी दुकानातल्या 'माहेर मिक्स'च्या सगळ्या सीड्या चुलीत घातल्या. जिल्ह्यात फिरणाऱ्यांचं तो काय करणार होता? फळा काढून आत ठेवला. कुणी "नवीन काय आलंय?" विचारलं की तो समोरच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. वर्षभरात त्यानं दुकान मोडलं आणि बाजार समितीत हमालांवर देखरेख करायची नोकरी धरली. तिथं सोयाबीनच्या पोत्यांशी गाठ, कानाचं काम नाही.

जेवायला मात्र तो गेला नाही. त्या दुपारी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. विहाराच्या मागची गल्ली टाळून तो लांबच्या रस्त्यानं स्वतःच्या घरी जाऊ लागला. प्रमोद भेटला की सांगायचा, "माय तुजं ताट झाकून ठिवती." प्रेमानंद म्हणायचा, "येतो, येतो." एकदा प्रमोदनं चिडून विचारलंच, "झालं काय तुमच्यात? तिला इचारलं तर म्हनती, काय न्हाई, पोरगं कामात असंल."

म्हणजे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रमोद, नवी सून, गाव, वस्ती, कुणालाच काही ठाऊक नव्हतं. प्रेमानंद तसाच रस्त्यात उभा राहिला, प्रमोद सायकलवर टांग मारून निघून गेला, आणि विहाराच्या मागच्या घरी ताट झाकलेलं होतं.